वीस दिवसांची तालीम, वाढत्या वयाची हाडं

डिसेंबर लागला की गंगाखेडच्या शाळांत गॅदरिंगची तालीम सुरू होते. बाकं भिंतीला सरकतात, मोबाइलला स्पीकर जोडला जातो. जूनपासून ज्या पायांनी घर ते शाळा यापलीकडे फारसं काही केलं नाही, तेच पाय आता रोज दोन-तीन तास शहाबादी फरशीवर आपटू लागतात. कोळीगीत, लावणी, शेतकरी नृत्य, एखादं देशभक्तीचं गाणं आणि शेवटी मनोरा. वीसेक दिवसांत कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात, पाहुण्यांचे सत्कार होतात. पुढच्या आठवड्यात ज्यांची नडगी ठणकते, टाच टेकत नाही किंवा कंबर धरलेली असते, त्या मुलांच्या नावापुढे हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ एवढंच पडतं.

मुलांना नाचताना इजा का होतात, कुणाला जास्त होतात आणि त्यातल्या किती टाळता येतात, या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत जगात बरंच संशोधन झालं. त्यातलं बहुतेक बॅलेवर आहे. बॅलेच्या शाळा निवासी असतात, तासांचा हिशेब असतो, दारातच फिजिओथेरपिस्ट बसलेला असतो, त्यामुळे मोजणं सोपं जातं. ते निष्कर्ष उचलून गोदाकाठच्या तालुक्याच्या गावाला जसेच्या तसे लावले तर फसगत होईल. शरीरशास्त्र मात्र सगळीकडे सारखंच असतं, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवलं पाहिजे.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. इंग्लंडमधल्या तीन व्यावसायिक तयारीच्या बॅले शाळांतले 266 विद्यार्थी एका वर्षभर पाहिले गेले. 2014 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातल्या 76 जणांना वर्षभरात निदान एक इजा झाली आणि नाचाच्या दर हजार तासांमागे प्रमाण 1.38 पडलं. त्याआधी 2012 साली एका व्यावसायिक कंपनीतल्या 52 नर्तकांचा अभ्यास आला होता. तिथे एका वर्षात 355 इजा, म्हणजे माणशी जवळपास सात, आणि हजार तासांमागे 4.4. मग विद्यार्थी व्यावसायिकांपेक्षा तिपटीनं सुरक्षित आहेत, असं म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही. इजा कशाला म्हणायचं, यावर सगळा हिशेब फिरतो. कुणी दुसऱ्या दिवशीचा वर्ग बुडाला तरच इजा धरतं, कुणी उपचारकाकडे गेल्यावर, तर कुणी नुसतं दुखलं तरी नोंद करतं. ‘डॉक्टरकडे गेला तरच इजा’ ही मोजपट्टी लावली, तर गंगाखेड हे नाचायला जगातलं सर्वांत सुरक्षित गाव ठरेल! पाय मुरगळला म्हणून इथे सहसा कुणी डॉक्टरकडे जात नाही. घरात आंबेहळद असते आणि शेजारी चोळून देणारं कुणीतरी असतंच.

आपल्याला जवळचा वाटावा असा अभ्यास इस्रायलमधला आहे. 8 ते 16 वयाच्या, हौसेनं नाचणाऱ्या 1336 मुलींची तिथे तपासणी झाली आणि त्यांतल्या 42.6 टक्के मुलींना कधी ना कधी इजा झाल्याचं आढळलं. या मुली रंगमंचावर पोट भरायला निघालेल्या नव्हत्या. शाळा सांभाळून क्लासला जाणाऱ्या साध्या मुली होत्या. गुडघा, पाऊल-घोट्याचे स्नायुबंध आणि पाठ, या तीन ठिकाणी इजा गोळा झालेल्या दिसल्या. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांच्या शंभरातल्या 72 इजा एखाद्या पडण्याच्या किंवा घसरण्याच्या नव्हत्या, त्या झिजेच्या होत्या: तीच हालचाल तशीच रोज करून हळूहळू साचलेल्या. पालकांच्या डोक्यात इजा म्हणजे ‘पडला, हात मोडला’ असं चित्र असतं. नाचातली खरी इजा बहुतेक वेळा आवाज न करता येते. तिला तारीख नसते, म्हणून तिला कारणही सापडत नाही.

भारतीय नृत्यावरचं काम तुलनेनं अलीकडचं आणि थोडं आहे, पण त्यातलं बरंचसं आपल्याच राज्यात झालं आहे. नवी मुंबईच्या एमजीएम संस्थेतल्या फिजिओथेरपीच्या अभ्यासकांनी मुंबई आणि मंगळूरच्या भरतनाट्यम नर्तकांचं सर्वेक्षण केलं. ते 2018 साली प्रसिद्ध झालं. पाठ, गुडघे, घोटे या तक्रारी तिथेही वर आल्या. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत कनक रेळे यांनी मोहिनीअट्टमच्या हालचालींची मांडणी शरीराच्या गतिशास्त्राच्या अंगानं केली होती. म्हणजे नाच आणि शरीरशास्त्र यांची गाठ महाराष्ट्राला नवी नाही. ती मुंबई-पुण्याच्या अलीकडे फारशी आली नाही, इतकंच.

आता शरीराकडे वळू, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्याच्या आसपास झपाट्यानं उंच होतात. या काळात लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो आणि तो पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. हाड आधी लांबतं. स्नायू आणि त्यांचे बंध मागाहून ताणले जातात. म्हणून कालपर्यंत सहज वाकणारी मुलगी अचानक ताठ होते, तोल जाऊ लागतो, जमणारी स्टेप चुकू लागते. शिक्षकाला वाटतं, लक्ष नाही. प्रत्यक्षात तिच्या पायांची लांबीच बदललेली असते. मांडीच्या स्नायूचा बंध नडगीच्या वरच्या टोकाला जिथे चिकटतो, तिथे गुडघ्याखाली दुखरी गाठ येते. डॉक्टर तिला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे तसंच घडलं की मूल चवड्यांवर चालू लागतं. दोन्ही तक्रारी वाढीच्या वयातल्या, दोन्ही उड्या आणि पाय आपटण्यानं चिघळणाऱ्या, आणि दोन्ही बहुतेक वेळा भार कमी केला की बऱ्या होणाऱ्या. त्यांना ‘वाढीचं दुखणं’ म्हणून उडवून लावणं चूक, तसंच घाबरून नाच कायमचा बंद करणंही चूक. कंबरेचं प्रकरण मात्र गंभीर असू शकतं. वारंवार मागे वाकणाऱ्या मुलांत मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर जाऊ शकते. मागे वाकताना एका बाजूला नेमकं टोचणारं आणि आठवडे न हटणारं दुखणं चोळून जात नाही.

सातवी ते नववी हा काळ सर्वांत जोखमीचा, आणि गॅदरिंगमध्ये पुढच्या रांगेत उभी असतात ती नेमकी हीच मुलं.

जोखमीची कारणं शोधणाऱ्या अभ्यासांत बरेच घटक येतात आणि बऱ्याच घटकांवर एकमत होत नाही. सांधे फार लवचीक असणं धोक्याचं की फायद्याचं, यावर अजून वाद आहे. लवचीक मूल निवडलं जातं, लवकर पुढे जातं आणि मग घोटा वळवून घेतं. पण लवचीकपणाचा दोष किती आणि स्नायूंतल्या अशक्तपणाचा किती, हे वेगळं करता येत नाही. वजनाबद्दलही निष्कर्ष उलटसुलट आहेत. एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचं एकमत आहे: आधीची इजा हे पुढच्या इजेचं सर्वांत खात्रीचं लक्षण. एकदा मुरगळलेला घोटा पुरता बरा न होता परत नाचू लागला, तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दुसरा बलवान घटक म्हणजे भारातली उडी. शरीर हळूहळू वाढवलेलं काम पेलतं. शून्यावरून एकदम पंधरा तासांच्या आठवड्यावर नेलं की हाड आणि स्नायुबंध मागे पडतात.

माझं मत इथेच ठरतं. शास्त्रीय नृत्याची आठवड्यातून दोन-तीनदा वर्षभर तालीम करणारी मुलगी गंगाखेडमध्ये तितकीशी धोक्यात नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी, आणि आता दहावीच्या वाढीव गुणांसाठीही, क्लासला जाणाऱ्या मुली वाढल्या आहेत हे खरं. पण त्यांचं काम वर्षभर पसरलेलं असतं. धोक्यात आहे तो वर्षातले अकरा महिने न नाचणारा आणि बाराव्या महिन्यात जिवाच्या आकांतानं नाचणारा मुलगा. त्याच्यासाठी दोष नाचापेक्षा कॅलेंडरचा अधिक. गणपती, नवरात्र, स्नेहसंमेलन, महाविद्यालयात गेल्यावर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव: आपलं नाचणं सणांसारखं येतं आणि सणांसारखंच जातं. बॅलेच्या शाळेत जे वर्षभर झिजून होतं, ते आपल्याकडे तीन आठवड्यांत उरकतं.

त्यात जमीन आणखी भर घालते. शहाबादी असो, कोटा असो की हल्लीची गुळगुळीत टाइल, खाली काँक्रीट असतं आणि काँक्रीट दबत नाही. पायानं दिलेला आघात सगळाच्या सगळा नडगीला परत येतो. नाचासाठी बांधलेल्या चांगल्या मंचात लाकडी फळ्यांखाली पोकळी सोडलेली असते, ती थोडी लवते. तसा मंच प्रत्येक शाळेनं बांधावा असं सुचवणं तालुक्याच्या ठिकाणी थट्टाच ठरेल. पण मैदानातल्या दबलेल्या मातीवर, सकाळच्या उन्हात, निम्मी तालीम घेता येते आणि तिला एक पैसा लागत नाही. टाइलवर मोजे घालून नाचवणं तर ताबडतोब थांबवलं पाहिजे. मोज्यात पाय घसरतो आणि घोटा जातो. कार्यक्रमाच्या दिवशीचा मंडपवाल्याचा मंच हे आणखी एक दुखणं. फळ्या दोन बोटं वर-खाली, फटींवर नुसती सतरंजी, आणि मुलं त्या मंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवतात ती थेट प्रेक्षकांसमोर.

प्रत्येक प्रकाराची इजा वेगळी. भरतनाट्यमची अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, खुब्यातून उघडायची असते. खुबा किती उघडेल हे बऱ्याच अंशी हाडाची घडण ठरवते आणि ती प्रत्येक मुलीची वेगळी असते. पावलं बाहेर वळवण्याची सक्ती केली आणि खुबा तेवढा वळला नाही, तर उरलेला पीळ गुडघा सोसतो. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का, एवढं पाहिलं तरी शिक्षिकेला अर्धं निदान होतं. कथकात तत्कार, म्हणजे पावलांचा ठेका, तासन्‌तास चालतो, चक्करं टाचेवर आणि बहुधा एकाच दिशेनं, त्यामुळे एका बाजूवर जास्त भार येतो. घुंगरांची संख्या वयाप्रमाणे हळूहळू वाढवण्याची जुनी पद्धत अडाणी नव्हती. ती भार वाढवण्याचीच पद्धत होती. आता मात्र गॅदरिंगच्या लावणीला सहावीतल्या मुलीच्या पायात भाड्यानं आणलेले मोठ्या बायकांचे चाळ बांधले जातात. संगीतबारीतल्या कलावंतिणीच्या पायातले चाळ काही किलोंचे असतात, पण तिनं ते वर्षानुवर्षं पेलून पाय घडवलेले असतात. गॅदरिंगच्या लावण्यांत हल्ली गुडघ्यावर धप्पकन बसण्याची एक स्टेप सर्रास घेतात. टाळी हमखास पडते आणि गुडघा हमखास सुजतो. लेझीमचं काम खाली बसून उठण्याचं. ते चांगलं आहे, फक्त पहिल्याच दिवशी पाऊण तास घेऊ नये.

‘वेस्टर्न’च्या क्लासांची गोष्ट निराळी. मोबाइलवर बघून शिकलेल्या ब्रेकिंगच्या चाली आता तालुक्याच्या गावांतही दिसतात; पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग आल्यावर त्याला प्रतिष्ठाही मिळाली. इथे इजा पायातून हातात जाते. जर्मनीतल्या 144 ब्रेक नर्तकांच्या 2009 च्या अभ्यासात मनगटाच्या इजा सर्वांत पुढे होत्या, शिवाय मणका आणि खांदा. डोक्यावर फिरण्याच्या चाली गादीशिवाय, मान मजबूत नसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला शिकवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, त्याला दुसरं नाव देता येत नाही.

मनोऱ्याबद्दल एवढंच: दहीहंडीच्या थरांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं 2014 साली अठराखालच्या मुलांना मनाई केली आणि वीस फुटांची मर्यादा घातली, पुढे 2017 साली चौदाखालच्या मुलांना बाहेर ठेवण्यावर प्रकरण आलं. शाळेच्या नाचात शेवटी चढवलेला तीन थरांचा मनोरा त्याच जातीचा आहे, फक्त तिथे कुणी न्यायालयात गेलेलं नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर नाचणाऱ्या बालकलाकारालाही बालमजुरीच्या 2017 च्या नियमांनी संरक्षण दिलं आहे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. शाळेच्या तालमीला मात्र अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. ती मुख्याध्यापकांनी स्वतः घालून घ्यायची.

खाण्याचा मुद्दा नाचाच्या चर्चेत फार क्वचित येतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यक नियतकालिकात 1986 साली चार व्यावसायिक बॅले कंपन्यांतल्या 75 नर्तिकांचा अभ्यास आला. त्यांतल्या 61 टक्के जणींना हाड मोडण्याचा किंवा हाडाला चीर जाण्याचा अनुभव आला होता आणि त्याचा संबंध उशिरा आलेल्या किंवा बंद पडलेल्या पाळीशी लागला. त्या मुली बारीक राहण्यासाठी उपाशी राहत होत्या. आपल्याकडे उपास वेगळ्या कारणानं घडतो. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन शाळा, दुपारची खिचडी, मग संध्याकाळपर्यंत तालीम, आणि नवरात्रात तर नऊ दिवसांचे उपास धरून रात्री दांडिया. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की दम लवकर लागतो, थकलेले स्नायू सांधा सावरत नाहीत, आणि तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाय वाकडा पडतो. तालमीआधी मूठभर शेंगदाणे-गूळ आणि पाणी, ही इजा टाळण्याचीच तजवीज आहे. नाचणाऱ्या मुलीची पाळी लागोपाठ तीन महिने चुकली किंवा पंधरावं सरलं तरी आलीच नाही, तर ‘बरं झालं, कार्यक्रमात अडचण नको’ असं म्हणून गप्प बसू नये. तिच्या हाडांचा प्रश्न तिथे सुरू झालेला असू शकतो.

एवढं सगळं कळूनही इजा लपतात, आणि त्याचं कारण आपल्या कौतुकात आहे. विठाबाई नारायणगावकर भर कार्यक्रमातून आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रानं किती अभिमानानं सांगितली! त्या बाईच्या हिमतीला तोड नाही. पण तिला तसं उभं राहावं का लागलं, हा प्रश्न त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. तोच सूर लहान रूपात प्रत्येक तालमीत ऐकू येतो: ‘दुखणारच, सवय होईल.’ सवयीनं जाणारं दुखणं असतंच. ते दोन्ही पायांत सारखं असतं, स्नायूभर पसरलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. एका बोटानं दाखवता येणारं, एकाच बाजूचं, रात्री झोपेतून उठवणारं किंवा लंगडायला लावणारं दुखणं मात्र इजा असते. हा फरक मुलांना शिकवायला पाच मिनिटं लागतात. ज्या मुलाला ‘सांगितलं तर माझी जागा दुसऱ्याला देतील’ अशी भीती असते, तो ही पाच मिनिटंही फुकट घालवतो. म्हणून बदली जोडीदार पहिल्या दिवसापासून ठरलेला असावा. मग इजा सांगणं म्हणजे गट बुडवणं ठरत नाही.

उपचाराचंही तसंच. पाय मुरगळला की पहिल्या दोन दिवसांत तेल लावून जोरानं चोळणं आणि ‘हाड बसवणं’ टाळावं, सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून, पट्टी बांधून, पाय उंच ठेवावा. मुरगळल्यावर आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर एक्स-रे लागतो. त्यासाठी उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे परभणी आहे. लेप लावावा की नाही यावर मी वाद घालणार नाही. आंबेहळदीनं नुकसान होत नाही, एक्स-रे पुढे ढकलल्यानं होतं.

प्रतिबंधानं फरक पडतो का? पडतो. वर सांगितलेल्या व्यावसायिक कंपनीत नोंद ठेवणं, प्रत्येकाची तपासणी आणि गरजेनुसार स्नायूंची ताकद वाढवण्याचे व्यायाम हे तीन वर्षं चाललं आणि इजांचं प्रमाण पहिल्या वर्षाच्या निम्म्याखाली आलं. तिथे महागडी यंत्रं कामाला आली नाहीत. कुणीतरी लिहून ठेवत होतं आणि लिहिलेलं पाहून तालीम बदलत होतं.

म्हणून गंगाखेडच्या मुख्याध्यापकांना आणि क्लासचालकांना एक विनंती. येत्या स्नेहसंमेलनाची तारीख ठरवताना तालमीची सुरुवात दिवाळीनंतर लगेच करा. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, मग हळूहळू दीड तास, शेवटचे दोन दिवस हलके. सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करणं, चवड्यांवर उठणं-बसणं आणि एका पायावर उभं राहणं घ्या. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं की नाचातल्या मुलांचे घोटे, गुडघे आणि कंबर दाखवून घ्या. आणि एक शंभर पानी वही आणा. तिच्यात मुलाचं नाव, वय, कुठे दुखलं, कोणती स्टेप, कोणती जमीन आणि किती दिवस बसावं लागलं, एवढं लिहा. दोन वर्षांची वही भरली, तर मराठवाड्यातल्या शाळकरी नाचाबद्दल पहिली भरवशाची माहिती तुमच्याकडे असेल, आणि ती मागायला विद्यापीठातले लोक तुमच्या दारी येतील.